बेचाळिसावा दिवस

माझ्या मुलीचे लसीकरणाचे कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. घडीवर फाटले आहे, एका कोपऱ्यात औषधाचा गुलाबी डाग आहे. त्यावर दीड महिन्याच्या लसीची तारीख आहे, त्या दिवशीचे तिचे वजन आहे, आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेला एक आकडा आहे : ७.८. हा आकडा तिचा नाही. तो माझा आहे.

बाळंतपणासाठी मी माहेरी गेले होते. तिथल्या छोट्या सरकारी दवाखान्यात मुलीला पहिली लस द्यायला घेऊन गेले. वजन झाले, लस झाली, रडणे झाले. मी तिला खांद्यावर घेऊन उठले आणि क्षणभर भिंतीला धरून उभी राहिले. नर्सबाई म्हणाल्या, "ताई, जरा बसा. इकडे बघा." त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग बोट टोचले. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. बाळंतपणात रक्त बरेच गेले होते, त्यानंतर जिना चढताना धाप लागत होती, कानात गुंई आवाज येत होता. पण बाळंतीण बाई थकणारच, असे घरातले सगळे म्हणत होते आणि मीही म्हणत होते. मी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूची रचना मी फळ्यावर न बघता काढू शकते. तरीही स्वतःची पापणी ओढून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. रजिस्टर उघडले, पानावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "यात तुमचा रकाना नाही, ताई." म्हणून त्यांनी तो आकडा मुलीच्या कार्डाच्या समासात लिहून दिला.

तो रकाना का नव्हता, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे सवड मिळेल तसे मी या विषयावरचे जुने-नवे वाचत गेले. त्यातून जो इतिहास दिसला तो इथे सांगते आहे.

आधी एक गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत त्यासंबंधीच्या कारणाने बाई दगावली, तर तो 'मातामृत्यू' धरतात. नंतरच्या मृत्यूंसाठी 'उशिराचा मातामृत्यू' असा वेगळा कप्पा आहे, पण जगभर ज्या आकड्याची चर्चा होते तो ४२ दिवसांचाच. आपल्याकडचा बाळंतिणीचा सव्वा महिनाही याच सुमाराला संपतो. शेक-शेगडी बंद होते, डिंकाचे लाडू संपतात, बाई पुन्हा पाण्याला आणि चुलीला लागते. आणि बाळाच्या पहिल्या मोठ्या लसीची वेळ कोणती? सहा आठवडे, म्हणजे बरोबर ४२ दिवस! आईचे खाते ज्या दिवशी मिटते, त्याच दिवशी बाळाचे उघडते. त्यानंतर दहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला, नवव्या महिन्याला बाळ दवाखान्यात येत राहते. ते आपल्या पायांनी येत नाही. दर खेपेला आई त्याला घेऊन येते, तासभर रांगेत बसते आणि परत जाते.

पॅरिसमधला वजनकाटा

निरोगी बाळाला नियमितपणे दवाखान्यात आणायचे, ही कल्पना तशी जुनी नाही. डॉक्टरकडे जायचे ते आजारी पडल्यावर, हीच जगाची रीत होती. पॅरिसच्या शारिते रुग्णालयात प्येर ब्यूदँ नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्यांच्या वॉर्डात बाळंतपणे सुखरूप होत, माय-लेक घरी जात, आणि काही महिन्यांनी कळे की मूल गेले. बहुतेक वेळा कारण एकच : उन्हाळ्यातले जुलाब. बाटलीने दूध पाजणाऱ्यांत हे अधिक. त्या काळी फ्रान्समध्ये लांब रबरी नळी लावलेल्या दुधाच्या बाटल्या लोकप्रिय होत्या. बाळ पाळण्यात पडल्यापडल्या नळी चोखत राही, आईला कामे उरकता येत. पण ती नळी आतून धुणे अशक्यच! जंतूंना एवढी सोयीची जागा दुसरी नसेल. फ्रान्सने या बाटल्यांवर अखेर १९१० साली कायद्याने बंदी घातली.

१८९२ साली ब्यूदँ यांनी आपल्या वॉर्डात जन्मलेल्या मुलांना दर आठवड्याला परत बोलवायला सुरुवात केली. मूल आणायचे, वजन करायचे, आकडा लिहायचा. वजन वाढत असेल तर अंगावरचे दूध चालू ठेवा. कमी पडत असेल तर निर्जंतुक केलेले दूध रुग्णालय देईल. एवढेच. पण वजनाच्या त्या ओळीत आजार दिसायला लागण्याआधीच त्याची चाहूल लागे. आज अंगणवाडीत किंवा तुमच्या शाळेत वजन-उंचीचा तक्ता भरला जातो, त्याची एक मुळी या काट्यापर्यंत जाते. दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, नॉर्मंडीतल्या फेकाँ या गावी डॉ. लेऑन द्यूफूर यांनी 'दुधाचा थेंब' अशा अर्थाचे सुरेख नाव देऊन असेच केंद्र काढले. ते नाव युरोपभर पसरले.

सरकारलाही हे हवेच होते. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांकडून हार पत्करलेल्या फ्रान्समध्ये जन्मदर घसरत होता, आणि उद्याचे सैनिक पाळण्यातच मरत आहेत ही चिंता राज्यकर्त्यांना होती. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी असेच झाले. सैन्यात भरती व्हायला आलेली कितीतरी तरुण पोरे खुरटलेली, किडक्या दातांची निघाली, आणि १९०४ साली 'शारीरिक ऱ्हासा'ची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. मूल जगवायचे ते देशासाठी. मग आईचे काय? आई ही मूल जगवण्याचे साधन. साधन चांगले चालावे म्हणून तिला शिकवायचे. १९०७ साली लंडनच्या सेंट पँक्रस भागात जे प्रसिद्ध केंद्र निघाले त्याचे नावच मुळी 'आयांची शाळा' असे होते.

शिक्षकांसाठी लिहिताना हे म्हणणे थोडे धाडसाचे आहे, पण शिकवण्याची घाई कधी कधी विचारण्याच्या आड येते. मूल मेले तर आई अडाणी, हे गृहीत धरले की तिच्या घरात पाण्याचा नळ आहे का, तिने आज काय खाल्ले, हे विचारावे लागत नाही.

या सेंट पँक्रसच्या लोकांना मात्र न्याय दिला पाहिजे. त्यांनी शिकवलेही आणि जेवूही घातले. बाळाचे वजन वाढत नाही कारण आईच उपाशी आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. ही कल्पनाही पॅरिसचीच. तिथे कुले नावाच्या एका दांपत्याने १९०४ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी मोफत खाणावळ काढली होती. नाव नको, गाव नको, लग्न झाले आहे की नाही याची चौकशी नको. अंगावर पिणारे मूल असले की ताट मिळे. सगळ्या इतिहासात मला ही खाणावळ फार आवडते. पण नीट बघितले तर तिथेही ताटाचा हक्क अंगावर पिणाऱ्या मुलामुळेच आहे. मूल दूध सोडून जेवू लागले की आईचे ताट बंद.

दोन ओळींचा आलेख

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सवय असते तसे आपण आलेखाकडे वळू. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०० च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दीडशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. १९३५ च्या सुमारास हा आकडा साठाच्या खाली आला. ही ओळ डोंगरउतारासारखी उतरत जाते. स्वच्छ पाणी, स्वच्छ दूध, लहान कुटुंबे, बरी मजुरी आणि ही बालकेंद्रे, सगळ्यांचा तिच्यात वाटा. त्याच कागदावर बाळंतपणात दगावणाऱ्या आयांची ओळ काढा. १९०० साली दर हजार जन्मांमागे चार ते पाच. १९३४ साली? चार ते पाच. सपाट रेघ!

इथे थोडे जपून बोलले पाहिजे. बालकेंद्रे वाईट होती म्हणून आया मरत होत्या असे मुळीच नाही. आयांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बाळंतज्वर, म्हणजे प्रसूतीच्या वेळी होणारा स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग. १९३५ साली जर्मनीत प्रोंटोसिल हे लाल रंगद्रव्य जंतुनाशक म्हणून पुढे आले, १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी ते बाळंतज्वरावर वापरून दाखवले, आणि ती सपाट रेघ कोसळायला लागली. तेव्हा दोन ओळींची कारणे वेगळी होती. पण माय-लेकरांच्या कल्याणाच्या नावाने तीस वर्षे चाललेल्या कामात मायलेकरांपैकी एकाचाच आलेख हलला, हेही खरेच.

आणि मरणाचे आकडे म्हणजे नुसता वरचा टवका. खाली काय होते ते कळायला आयांनाच विचारावे लागले. ते काम डॉक्टरांनी केले नाही. कामगारवर्गातल्या बायकांच्या सहकारी गिल्डने केले. गिल्डच्या सचिव मार्गारेट ल्यूएलिन डेव्हिस यांनी सभासद बायकांना आपली बाळंतपणे कशी गेली ते लिहून पाठवायला सांगितले. सुमारे चारशे पत्रे आली. त्यांतली १६० निवडून १९१५ साली पुस्तक निघाले. लिहिणाऱ्यांची नावे छापली नाहीत, पण प्रत्येक पत्रासोबत नवऱ्याची मजुरी किती, मुले किती, मृत जन्मलेली किती, गर्भपात किती, हे आकडे दिले. बाळंतपणानंतर अंग बाहेर येणे, पायांच्या शिरा फुगून फुटणे, वर्षानुवर्षे अंगावरून जाणे, आणि यातले काहीही कोणाला न सांगता धुणे-भांडी करत राहणे, असे त्या पत्रांतून पानापानांवर येते. ही दुखणी घेऊनच या बाया बालकेंद्रात मुलांचे वजन करायला येत होत्या.

मग केंद्रातली नर्स त्यांना औषध का देत नव्हती? यात एक व्यावहारिक भानगड होती. केंद्रांनी सल्ला द्यावा, उपचार करू नयेत, असा खाजगी डॉक्टरांचा आग्रह होता. फुकट उपचार मिळू लागले तर त्यांच्याकडे कोण जाणार? १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने मजुरी करणाऱ्याला डॉक्टर मिळाला, पण त्याच्या घरी राबणाऱ्या बायकोला नाही. तिला मिळाले बाळंतपणाचे ३० शिलिंग. तेही आधी नवऱ्याच्या हाती पडत. ते पैसे बाईचेच, हे कायद्यात यायला १९१३ साल उजाडले, आणि त्यासाठी गिल्डला भांडावे लागले. अशा रीतीने नवऱ्याला विमा होता, मुलाला केंद्र होते. मधल्या बाईसाठी काही नव्हते.

१९३९ मध्ये मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १२५० विवाहित कामगार स्त्रियांच्या पाहणीवर पुस्तक लिहिले. त्यातल्या जेमतेम एक-तृतीयांश स्त्रियांची प्रकृती चांगली म्हणण्यासारखी होती, आणि जवळजवळ तेवढ्याच स्त्रियांची अगदी गंभीर. रक्तक्षय ही सर्वांत जास्त आढळलेली तक्रार. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. कित्येक बायकांनी 'माझी तब्येत ठणठणीत आहे' असे सांगून पुढच्याच रकान्यात चार-पाच दुखण्यांची यादी दिली होती. पापणी न ओढणारी मी एकटीच नव्हते तर!

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्या पहिल्या महिन्यांत दवाखान्यांत ज्यांची रीघ लागली त्यांत अशा बायका किती होत्या, याच्या आठवणी त्या काळच्या डॉक्टरांनी सांगितल्या आहेत. वर्षानुवर्षे अंग बाहेर आलेल्या अवस्थेत त्यांनी संसार केला होता.

आपल्याकडे काय

आपण म्हणाल, ही परदेशची जुनी हकीकत झाली. आपल्याकडे या कामाचे नाव तर पहिल्यापासून 'माता-बाल संगोपन' असे जोडीचेच आहे. खरे आहे. पण १९८५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ॲलन रोझनफील्ड आणि डेबोरा मेन यांनी नेमका हाच प्रश्न विचारला : या जोडनावातली माता आहे कुठे? कार्यक्रमांचा पैसा आणि लक्ष बाळाच्या लसी, जुलाब, वजन यांच्याकडे जाते. आईसाठी जे म्हणून केले जाते तेही बहुतेक वेळा बाळाच्या भल्यासाठी. त्याच वर्षी भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्याने लाखो मुले वाचवली. त्यात शंका घेण्याचे कारण नाही.

चारच वर्षांनी, जानेवारी १९८९ मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीहून एक निबंध आला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. आजारी म्हणून आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या स्त्रियांची. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या आठ टक्क्यांहूनही कमी. यातल्या कितीतरी जणी आया होत्या. आरोग्यसेवकांना त्या माहीतच होत्या. गरोदर म्हणून, मुलाची आई म्हणून, कुटुंबनियोजनाचे 'उद्दिष्ट' म्हणून. तुला काय होते आहे, हे विचारायची वेळ यांतल्या कुठल्याच भेटीत आली नव्हती.

दहा प्रश्नांचा कागद

शरीराची दुखणी निदान पापणी ओढून दिसतात. मनाचे काय? बाळंतपणानंतर काही स्त्रियांना येणारे औदासीन्य ही साधी हुरहूर नसून महिनोन्महिने टिकणारा आजार असू शकतो, हे वैद्यकात हळूहळू मान्य होत गेले. जॉन कॉक्स हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ १९७० च्या दशकात युगांडात काम करत होते. बाळंतिणीच्या वेडाला तिथे स्वतंत्र नाव होते, 'अमाकिरो'. म्हणजे हा काही श्रीमंत देशांतल्या बायकांचा नाजूकपणा नव्हे. परत आल्यावर एडिंबरा इथे कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगॉव्स्की यांनी १९८७ साली दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला. आई पाच मिनिटांत स्वतःच भरू शकेल असा.

या कागदातली शास्त्रीय हुशारी समजून घेण्यासारखी आहे. औदासीन्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत थकवा येतो का, भूक कमी झाली का, असे विचारतात. पण दोन महिन्यांचे बाळ असलेली कोणती बाई थकलेली नसते? तिथे सगळ्याच जणी आजारी ठरतील. म्हणून या तिघांनी असे शारीरिक प्रश्न गाळले आणि मनाचेच विचारले. हसू येते का, पुढच्या गोष्टींची वाट पाहावीशी वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का. झोपेचा प्रश्न आहे, पण तो 'इतके वाईट वाटते की झोप लागत नाही' अशा बेताने. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. मोजमापात काय घ्यायचे याइतकेच काय वगळायचे हेही महत्त्वाचे असते, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

होल्डन यांनी पुढचे पाऊल टाकले. बाळाला पाहायला घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना थोडे प्रशिक्षण दिले : आठवड्यातून एकदा, अर्धा तास, आठ वेळा जायचे आणि फक्त ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही. १९८९ च्या त्यांच्या निबंधात अशा भेटी मिळालेल्या २६ स्त्रियांपैकी १८ बऱ्या झालेल्या दिसतात, न मिळालेल्या २४ पैकी ९. संख्या लहान आहे, पण फरक डोळ्यांत भरणारा.

हा कागद कोकणीतही आला. गोव्यात डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. २००२ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रिया औदासीन्याने आजारी होत्या. पुन्हा तोच बेचाळिसावा दिवस! त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या नव्हत्या. धोका कशाने वाढत होता? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी होणे. लगेच पुढच्या वर्षी याच गटाने दाखवले की या आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने आणि उंचीने मागे पडण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते.

या दुसऱ्या निष्कर्षाने जगाचे लक्ष वेधले. का ते उघड आहे. बाळाचे वजन! आता आईकडे लक्ष देण्याला कारण मिळाले.

मुख्य निष्कर्ष आणि दुय्यम निष्कर्ष

या इतिहासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग पाकिस्तानातला आहे. रावळपिंडी भागातल्या खेड्यांत अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी औदासीन्य असलेल्या ९०३ गरोदर स्त्रिया निवडल्या. निम्म्या भागांतल्या आरोग्यसेविकांना मनाला उभारी देणारे संभाषण कसे करायचे ते शिकवले. या सेविका शाळा शिकलेल्या, गावातल्याच. घरात शिरून सुनेशी एकांतात बोलणे सोपे नव्हते. सासूला काय सांगणार? म्हणून सांगितले : बाळ चांगले वाढावे यासाठी आलो आहोत. यावर कोणाचीच हरकत नव्हती.

निष्कर्ष २००८ साली छापले गेले. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के आया अजून आजारी होत्या. संभाषण मिळालेल्या गटात २३ टक्के. एका साध्या, बिनऔषधी उपायाने एवढा फरक! वर्षभरानंतरही तो टिकून होता. शिवाय त्यांच्या बाळांना जुलाब कमी झाले, लसी अधिक पूर्ण झाल्या.

पण निबंध नीट वाचला की कळते, प्रयोगाचा 'मुख्य' निष्कर्ष म्हणून आधीपासून ठरवले होते ते बाळाचे वजन आणि उंची. आईचे औदासीन्य हा 'दुय्यम' निष्कर्ष होता. आणि वजन-उंचीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नव्हता.

संशोधकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. मी स्वतः प्रकल्प लिहिते आणि अर्जात काय लिहिले की पैसा सुटतो, ते मला ठाऊक आहे. पण वैज्ञानिक पद्धतीचे काटेकोर नियम लावले, तर मुख्य कसोटीवर हा प्रयोग यशस्वी झाला नाही असे म्हणावे लागेल. शेकडो बायका बऱ्या झाल्या, हसायला लागल्या, हे तळटीपेत. समजा, जुलाब आणि लसींचाही फायदा झाला नसता; फक्त आया बऱ्या झाल्या असत्या. मग आपण काय म्हटले असते? बाळाच्या नावाने दार उघडते, हे त्या सेविकांनी बरोबर ओळखले होते. पण बाळाच्या नावानेच उघडलेले दार बाळाच्याच काट्यावर तोलले जाते.

सुदैवाने प्रत्यक्षात जगाने शहाणपणा दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपाने सर्वांसाठी खुली केली.

हिशेबाची अडचण मात्र सगळीकडे सारखीच. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली सुचवले की बाळाच्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या महिन्यांतल्या तपासण्यांच्या वेळी आईलाही हा दहा प्रश्नांचा कागद द्यावा. डॉक्टर म्हणाले, देऊ, पण आई आमची पेशंट नाही. तिचा केसपेपर नाही. उद्या उत्तर धोक्याचे आले तर जबाबदारी कोणाची, आणि पाच मिनिटांचे पैसे कोण देणार? गरिबांसाठीच्या सरकारी विम्याने २०१६ साली राज्यांना कळवले की आईच्या या तपासणीचे बिल बाळाच्या नावावर लावायला हरकत नाही, कारण ती बाळाच्या फायद्याचीच आहे. म्हणजे तिथेही आईचा आकडा गेला तो बाळाच्या कार्डावर. फक्त पेन्सिलीऐवजी कायद्याने.

आपल्याकडे २०११ पासून आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर घरी येतात. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची योजना आली, ती मुख्यतः बाळाच्या वाढीसाठी. पाजणाऱ्या आईला सहा महिने लोहाच्या गोळ्या द्याव्यात असे धोरण आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी निघाले आहे.

परवा मुलीने ते कार्ड कपाटातून काढले आणि विचारले, "आई, हा ७.८ काय माझा मार्क आहे?" मी तिला सांगितले. तिने तिच्या शाळेतल्या आरोग्य-तपासणीचा कागद आणला, माझी खालची पापणी ओढून पाहिली, आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहिले : आई, गुलाबी.